गाळलेले आभार

“मॅडम, सही करून हक्क तुम्ही जर्नलला दिलेत. छापील लेख आपल्या साइटवर सगळ्यांसाठी खुला नाही करता येणार,” विद्यापीठाची ग्रंथपाल म्हणाली. “छपाईआधीचा मसुदा मात्र टाकता येतो.”

“माझाच लेख, आणि मलाच मनाई!” निवृत्त प्राध्यापक पेंडसेबाई वैतागल्या. तरी त्यांनी जुना पेनड्राइव्ह पुढे केला.

मसुद्याच्या शेवटी ग्रंथपाल थांबली. “खेकड्यांची चित्रं काढल्याबद्दल तुम्ही मिस्टरांचे आभार मानलेत. छापील लेखात हे नाहीच.”

“जर्नलवाल्यांनी गाळलं, जागा नाही म्हणून. मी भांडणार होते. पण हेच म्हणाले, ‘राहू दे गं, आभार कोण वाचतं?’”

“इथे ठेवू या. आता जगात कुणीही वाचू शकेल.”

बाईंनी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली.

“अक्षर जरा मोठं कर,” त्या म्हणाल्या. “चष्मा लावायचा भारी कंटाळा होता त्यांना.”