खिडकीखालचा कचरा

“शेजारच्या बाबांचा कचऱ्याचा डबा तीन दिवस झाले बाहेर निघून नाही राहिला, ताई. एकदा पाहून घ्या जरा,” मथुरा म्हणाली होती. मरोदा वस्तीतल्या त्या गल्लीत रोज सकाळी शिटी वाजवत नगर निगमची कचऱ्याची रिक्षा आणायची ती. खुशबूनं हो हो केलं आणि दार लावून घेतलं. आठ महिन्यांची पोरगी नुकतीच तापातून उठली होती. तिच्या कपाळाला घडीघडी हात लावून पाहण्यापलीकडे खुशबूला दुसरं काही सुचत नव्हतं. बाबा मुलाकडे गेले असतील, एवढं म्हणून तिनं तो विषय मनातून काढला.

पाच दिवसांनी तिनंच निगमला तक्रार केली. शेजारच्या आवारात कचरा साचलाय, माशा घोंगावतायत, लहान मूल आहे घरात. सोबत फोटो पाठवला. फोटो काढताना मोबाईल मात्र जरा डावीकडे धरला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी निरीक्षक प्रेरणा मेश्राम आल्या, हातात नोटीस आणि गोंदाची बाटली घेऊन. चोवीस तासांत आवार साफ करा, नाही तर दंड. मागून मथुराही आपली रिक्षा घेऊन आली. पोरीला कडेवर घेऊन खुशबू फाटकाशी उभी राहिली. इतक्या लवकर कोणी येईल असं तिला वाटलंच नव्हतं.

पण मेश्राम मॅडमनी नोटीस लगेच चिकटवली नाही. घर एकाचं आणि कचरा दुसऱ्याचा, असं फार वेळा निघतं, म्हणाल्या; आधी पाहू. साडीचा पदर खोचून त्या सरळ ढिगाशी उकिडव्या बसल्या आणि काडीनं एकेक वस्तू बाजूला करू लागल्या. तोंडावर रुमाल नाही, कपाळाला आठी नाही. खुशबूची आई तांदूळ निवडायची तशा त्या कचरा निवडत होत्या.

ढीग दोन होते. एक खुशबूच्या भिंतीलगत. त्यात नारळाच्या करवंट्या, कुणाच्या पार्टीच्या पत्रावळी आणि गाठ मारलेल्या दोन काळ्या पिशव्या. मॅडमनी गाठ सोडली. आत डायपर निघाले. त्यांनी मान वर करून फक्त खुशबूच्या कडेवर पाहिलं. हेच डायपर रोज कागदात गुंडाळलेले, वेगळे मागून नेणारी मथुरा आपल्या चपलांकडे बघत राहिली. दोन सकाळी खुशबूला उठायला उशीर झाला होता, रिक्षा निघून गेली होती. म्हातारा तर नाहीच घरी, म्हणून तिनं पिशव्या भिंतीपलीकडे टाकल्या होत्या, आणि फोटोत त्या येऊ दिल्या नव्हत्या. तिला वाटलं, आता इथंच, गल्लीसमोर, शोभा होणार.

मॅडमनी पिशवीची गाठ पुन्हा मारली. त्या दुसऱ्या ढिगाकडे वळल्या. तो लहानसा होता, खिडकीच्या अगदी खाली. बिस्किटांचे रिकामे पुडे आणि दुखण्याच्या गोळ्यांची फोडलेली पाकिटं.

“भाजीचं एक सालपट नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “चहापत्ती नाही. हा कचरा खिडकीतून बाहेर टाकलाय, मथुरा. आत माणूस आहे, आणि त्याच्या घरी कित्येक दिवस चूल पेटली नाही.”

दार आतून बंद होतं. मथुरानं रिक्षातलं फावडं आणलं आणि कडी उचकटली.

शेजारचे बाबा, धोंडबा, खिडकीखाली फरशीवर पडले होते. पाय मांडीपर्यंत सुजला होता. मोरीत घसरले, तेव्हापासून उभं राहता आलं नव्हतं. नळापर्यंत फरफटत जायचे आणि परत यायचे. मथुरानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याचमच्यानं पाणी पाजायला लागली. आमच्या घरचे म्हातारेही असेच हट्टी, कोणाले काही सांगत नाही, असं काहीबाही बोलत त्यांना जागं ठेवत होती. मॅडम अँब्युलन्सला पत्ता सांगत होत्या, वळणावरच्या किराणा दुकानासकट.

खुशबू उंबऱ्यातच उभी होती. कॉलेजात गेल्यापासून दूर ठेवलेली घरची भाषा तिच्या तोंडातून आपोआप निघाली. “आवाज कावून नाही देल्ला, बाबा?”

“देल्ला होता न. दोन खेप.” धोंडबांना बोलायला वेळ लागत होता. “तुही पोरगी दचकून रडाले लागली. तूच सांगतलं होतं, कच्च्या झोपेची हाय म्हून. मंग म्हटलं, झोपू दे तिले.”

अँब्युलन्स आली. मथुरा अंगावरच्या कपड्यांनिशी बाबांसोबत चढली, शिटी गळ्यात तशीच. तिची रिक्षा गल्लीत उभी राहिली. मेश्राम मॅडमनी फावडं उचललं आणि दोन्ही ढीग स्वतः रिक्षात भरायला घेतले. खुशबूनं पोरीला अंगणातल्या चटईवर बसवलं आणि काळ्या पिशव्या आपल्या हातानं उचलून दिल्या.

सगळं आवरल्यावर मॅडमनी हात धुतले आणि पावतीपुस्तक काढलं. आवाजात राग नव्हता, सूटही नव्हती. “आवारात कचरा टाकल्याबद्दल. नाव कोणाचं लिहू, ताई?”

“माझं,” खुशबू म्हणाली, आणि आडनावासकट पूर्ण नाव सांगितलं.

मॅडमनी पावती फाडून तिच्या हातात दिली. मग मथुराची रिक्षा ओढत, दारोदार हाक देत, त्या गल्लीतून पुढे निघाल्या. त्या वळेपर्यंत खुशबू बघत राहिली.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या भिंतीपलीकडे कोणी एकटं राहत असेल, तर त्यांना आज एकदा मोठ्यानं हाक मारा. लेकरू उठलं तर उठू द्या. आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.