दूधभाताची वाटी

सोलापूरच्या इस्पितळात कुंडलिकाचा एकवीस दिवसांचा विषमज्वर सकाळी एकदम उतरला, तशी त्याच्या म्हाताऱ्या आईनं दूधभात कालवला. मोठ्या नर्सबाईंनी तक्त्यावर अठ्ठ्याण्णव मांडून समाधानानं चष्मा पुसला. शिकाऊ यशोदेनं मनगट धरलं, तर नाडी एकशे चाळीस. ताप उतरला तर नाडीही उतरायला हवी; हा हिशेब जुळेना. आतड्यात रक्तस्राव असेल तर एक घासही जीव घेईल. नसेल तर? गेल्याच आठवड्यात तिनं डॉक्टरांना उगाच पळवलेलं. पुन्हा चुकली तर गाशा गुंडाळायचा. तिनं वाटी हिसकावून डॉक्टरांना बोलावलं. म्हातारी कडाडली, "तुज्या घरी आजाऱ्याला उपाशी मारत्यात व्हय गं?" डॉक्टरांनी कुंडलिकाचं पोट दाबून पाहिलं आणि रक्तस्राव थांबवायला बर्फ मागवला. "किती खाल्लं?" "शीतबी न्हाय. देवाचा घास काढत हुते, तवर हिनं वाटीच पळवली की." पंधरवड्यानं तीच वाटी घेऊन म्हातारी यशोदेपुढं आली. "बाई, आता देऊ?" यशोदेनं आधी नाडी धरली.