जेवढं आहे तेवढंच

समजा, तुमची ताई संध्याकाळी घरी आली आणि पायातले बूटही न काढता दिवाणावर आडवी झाली. तुम्ही हाक मारलीत, तर नुसतं "हं" म्हणाली. अशा वेळी तुम्ही काय कराल? ऋतानं काय केलं, ते ऐका. तिनं ताईच्या बुटांचे बंद सोडले आणि बूट दाराशी नेऊन ठेवले.

ऋता नऊ वर्षांची, नूपुरताई बावीसची. बाबांची बदली गुवाहाटीला झालेली, त्यामुळे कोलकात्याच्या घरात आई आणि या दोघी. नूपुर कॉलेजात होती तोवर साडेतीनला ऋताच्या शाळेच्या फाटकाशी उभी असायची. झालमुडीचा, म्हणजे तिथल्या सुक्या भेळेचा, एक कागदी ठोंगा घेऊन दोघी चालत घरी यायच्या. आता नूपुर एस्प्लनेडला एका सल्लागार कंपनीत लागली होती, आणि आई ऑफिसातून सुटेपर्यंत ऋता शाळेतच थांबायची.

"सहा महिन्यांनी कायम करतील की नाही ते कळेल," आई बाबांना फोनवर सांगायची. "तोवर पोरीला काही बोलू नका. ताटावर बसून पेंगते हो ती."

"ताई, एक विचारू?" ऋता म्हणाली.

"हं."

"कुणाबद्दल तरी लिहायचंय. थोडंसं जास्त चांगलं लिहिलं, तर चालतं?"

"निबंध आहे?"

"तसंच."

नूपुरनं डोळे उघडले नाहीत. "वाढवून लिहायचं नाही, ऋते. जेवढं आहे तेवढंच."

ऋता मान हलवून आत गेली.

नूपुरच्या कंपनीकडे लोक येत आणि विचारत, आमच्या कामात काय बदलू? नूपुरसारखी नवी मुलं दिवसभर तक्ते चाळून उत्तर शोधत. तिच्या पहिल्या कामाला सगळे नुसतं "जास्वंद" म्हणत. एका ट्रस्टच्या सहा संस्था होत्या, एवढंच तिला माहीत. गुप्तता राखायची म्हणून नव्या मुलांपुढे संस्थांची अक्षरं होत आणि माणसांचे आकडे. ट्रस्टमधल्या प्रत्येकानं आठवडाभर आपण कधी काय करतो ते फॉर्मवर लिहून दिलं होतं, आणि कुणीतरी ते सगळं टाइप करून पाठवलं होतं. नसली तरी चालतील अशी बारा पदं नूपुरनं शोधायची होती.

अकरा सापडली. बारावं काही सापडेना. ज्याच्या त्याच्या रकान्यात "समन्वय" होता, "देखरेख" होती.

"अजून अकराच?" तिचा वरिष्ठ सुमित म्हणाला. "कॉलेजात पहिली यायचीस म्हणे."

त्या दुपारी तिला सी-सतरा दिसलं. सकाळची कामं नेहमीसारखीच. शेवटच्या दीड तासापुढे मात्र पाचही दिवस एकच नोंद होती: "बाकावर बसते. दुसरं काम नाही."

सुमित वाचून मोठ्यानं हसला. "वा! अख्ख्या ट्रस्टमध्ये एक तरी खरं बोलणारं माणूस निघालं."

"म्हणून त्यालाच काढायचं?"

"मग काय, समन्वयवाल्याला काढतेस? पुरावा दाखव."

कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये नूपुर यावर तासभर भांडली असती. आता तिची पाठ दुखत होती, आणि अहवाल उद्या द्यायचा होता. तिनं सी-सतराची ओळ उचलून बाराव्या जागी ठेवली.

दीड महिना गेला. एका दुपारी नूपुरच्या हातात कायम केल्याचं पत्र पडलं. "जा आज लवकर," सुमित म्हणाला. तिला नाचावंसं वाटायला हवं होतं. झोपावंसं वाटत होतं. तरी वाटेत तिनं संदेश मिठाईचा डबा घेतला आणि थेट ऋताची शाळा गाठली.

चार वाजून गेले होते. पटांगण रिकामं होतं. फाटकाजवळच्या बाकावर एक बाई हातात दोरा ताणून बसली होती, आणि ऋता त्यात बोटं घालून जाळी उचलत होती.

"ताई! तू कशी?" ऋता धावत आली. "ही कुसुममाशी, आमच्या शाळेतली मावशी. आई येते तोपर्यंत रोज माझ्याजवळ बसते."

कुसुम उठली आणि तिनं बाकावरची जागा पदरानं पुसली. "बोशो दीदी, बैठो."

"ताई कायम झाली!" ताईच्या हातातलं पत्र बघून ऋता ओरडली, आणि तेच तिनं बंगालीत माशीला सांगितलं.

कुसुमचा चेहरा फुलला. तिनं कमरेला खोचलेलं एक बंद पाकीट काढलं. "हमारा भी आज चिट्ठी आया, दीदी. बीस साल के बाद. पक्का होने का ही होगा. इंग्रेजी हमको नहीं आता, ये पढ़ देगी. फारम भी तो इसी ने भरा था."

"कसला फॉर्म?" नूपुरनं विचारलं.

"दिवसभर काय काय करते, तो," ऋता म्हणाली. "मला शेवटचं जास्त चांगलं लिहायचं होतं. पण माशी म्हणाली, तुझ्यापाशी बसणं हे काय काम आहे? आणि तू पण म्हणालीस ना, जेवढं आहे तेवढंच."

नूपुरनं पाकिटाकडे हात नेला. "दे. मी वाचते."

"नाही हं. माशीनं मला सांगितलंय."

कुसुमनं डोक्यावर पदर घेतला आणि ती बाकावर नीट बसली. ऋतानं पाकीट फाडलं, पत्राची घडी गुडघ्यावर सरळ केली, आणि वर्गात उभं राहून वाचतात तशी, एकेक शब्द लावत, मोठ्यानं वाचायला लागली, "पद क्रमांक सी-सतरा…"