उजव्या बोटाची शाई

लंका राखेनं बोट घासत होती. डावं नव्हे, उजवं.

डाव्यावरची शाई तिच्या स्वतःच्या मताची. उजव्यावरची सासूच्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही झुंबरबाई 'अंधारच हाय' म्हणायची, म्हणून काल तिच्या वतीनं बटण लंकेनं दाबलं होतं. सोबत आलेल्याच्या उजव्या बोटाला शाई लावतात.

"ऱ्हाऊ दे की ती," तिचा नवरा गोरख गाडीला किक मारत हसला. "दोन बोटं, दोन मतं! मोजणी झाली की घोडेगावास्नं सरपंच हुनच येतो बघ."

सकाळीच तोंडाला वास होता.

मागं सरपंच असताना तो रोज हायवेच्या हॉटेलात बसायचा. एकदा मंचरहून पिऊन येताना गाडीसकट कठड्यावर आदळला, मांडीत सळई बसवावी लागली. पद गेलं, दारू सुटली. घर घरासारखं झालं. आता प्रचार लागला आणि बाटली परत आली. ह्या खेपेला निवडून आला तर जीवच जाईल, हे लंकेला दिसत होतं.

काल.

शाळेच्या आवारात रांग. पुढं झुंबरबाईचे थोरले दीर, रखमाजी, काठी टेकून गप उभे. झुंबरबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि सुनेचा हात घट्ट धरला.

स्वतःचं मत लंकेनं छत्रीलाच दिलं. नवऱ्याचं चिन्ह सोडून बोट दुसरीकडं वळेना. मग सासूला घेऊन ती पुन्हा पुठ्ठ्याच्या आडोशाला गेली.

"कुटं दाबायचं ते तुला ठावं हाय," सासू कुजबुजली.

लंकेनं समोरच्या उमेदवाराची शिट्टी दाबली. लाल दिवा लागला, यंत्र लांबलचक वाजलं.

"झालं, आत्याबाई."

झुंबरबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. आंधळ्या आईचं मत चोरलं आपण. तो हात रात्रभर पाठीवर भाजत राहिला.

आज.

दुपारी गोरखचा फोन आला. आवाज फुटला होता.

"एका मतानं गेली गं. एका! कुनी दगा दिला आसंल?"

लंकेनं उजवं बोट मुठीत दडवलं.

"आयला लगीच सांगू नगं. तिचं मत वाया गेलं म्हून जीवाला लावून घील."

तेवढं एक इकडचं तिकडं झालं नसतं, तर तो सरपंच होता. लंका ओसरीवर गेली. झुंबरबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. लंकेनं तिचे पाय धरले.

"आत्याबाई, पडले ते. एका मतानं. आन् ते मत तुमचं... मी शिट्टीला..."

झुंबरबाईनं सूप बाजूला सारलं. सुनेचं उजवं बोट हातात घेतलं, राख पदरानं पुसली.

"नखाच्या कडंला ऱ्हायली बघ अजून शाई," ती म्हणाली. "माज्या बोटानं लेकाला पाडवंना, पोरी. म्हून तर तुला नेलं."