आत मुडपलेली कड

नवी बाई परत थोरलीच्या हातांकडे बघत होती. थोरलीने चादर अर्धवट घडी घालून ठेवली आणि सरळ पाठ फिरवली. या धुलाईच्या कारखान्यात लागून चार महिने झाले, तरी बाईचं नाव नवीच, आणि नजर ही अशी. खाली मान घालून काम करावं, ते नाही. आल्या दिवसापासून दुसऱ्यांच्या हातांवर हिचा डोळा. त्यात परवा मुकादमाने हिला चहा विचारला. वीस वर्षांत त्याने कुणाला पाणी विचारलं नव्हतं. नवीने तो घेतला की नाही, हे मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

मुकादमाचा कान आहे ती, असं थोरलीच्या धाकट्या जावेने केव्हाच ठरवून टाकलं होतं. तिघींचं टेबल एकच, त्यामुळे जावा जावा डोळ्यांनीच बोलायच्या.

आज बाहेरच्या देशांतून येऊन इथे राबणाऱ्या सगळ्यांचा मोर्चा होता, आणि तो थोरलीनेच उभा केला होता. मागच्या मोर्च्याला मुकादमाच्या फेरीत जे तिघे दिसले नाहीत, ते दुसऱ्या दिवशी दारातूनच परत गेले. इथे काम गेलं की राहण्याचा परवाना गेला, आणि परवाना गेला की लेकीची शाळा अर्ध्यावर. म्हणून या वेळी थोरलीची युक्ती अशी, की एका टेबलावरून एका वेळी एकच माणूस निघेल आणि तासाभरात परत येईल. जाणाऱ्याने सकाळीच जास्तीच्या घड्या करून टेबलाखाली लपवायच्या, मागे राहिलेल्याने त्या हळूहळू वर काढायच्या. त्या वाफेत चेहरे धड दिसत नाहीत. मुकादम गठ्ठे बघतो, आणि नुसत्या घडीवरून कुणाचं काम ते ओळखतो. त्याची त्याला भारी घमेंड.

थोरलीची घडी तर कुणीही ओळखावी. डाव्या करंगळीला पूर्वी प्रेसचा चटका बसला होता, तेव्हापासून ती वाकत नाही. म्हणून ती शेवटची कड आत मुडपते, तीही तिरकी. जावेला ती इतक्या वर्षांत जमली नाही.

"दात दुखतोय. डॉक्टरकडे जाऊन येते," नवीला तिने सांगितलं.

नवीने मान हलवली आणि पुन्हा हातांकडेच पाहिलं.

मोर्चा चौकात पोलिसांनी अडवला. मागून एक जण रेटा द्यायला लागला, तशी थोरली वळली. "खाली बसा सगळे. इथे एकाने हात उचलला, तर उद्या शंभर जण घरी बसतील."

सगळे रस्त्यावर बसले. कुणी घोषणासुद्धा मोठ्याने दिली नाही. अर्धा तास गेला, मग तास. टेबलाखाली फक्त तासाभराच्या चादरी होत्या. त्या संपल्या असणार, आणि तिथे ती नवी टक लावून बसलेली.

रस्ता मोकळा झाला तशी ती धावतच निघाली आणि मागच्या दाराने आत शिरली. मुकादम तिच्याच टेबलापाशी उभा होता. तिच्या गठ्ठ्यातली वरची चादर त्याच्या हातात. जाऊ मान वर करायला तयार नव्हती. संपलं, थोरलीच्या मनात आलं. साधला नवीने डाव. ती बॉयलरच्या आडोशाला तशीच थांबली.

मुकादमाने चादरीच्या कडेवरून अंगठा फिरवला. "थोरली कुठेय?"

"पाणी प्यायला गेल्या," नवी म्हणाली.

"तिला म्हणावं, हात चालव जरा. गठ्ठा कमी दिसतोय." चादर टाकून तो पुढच्या टेबलाकडे गेला.

थोरली पुढे आली. टेबलाखाली काही उरलं नव्हतं. तिने वरची चादर उचलली. कड आत मुडपलेली होती, आणि तिरकी. तिने जावेकडे पाहिलं. जावेने नकारार्थी मान हलवली आणि डोळे पुसले.

"पहिल्या सहा बिघडल्या," नवी हातातलं काम न थांबवता म्हणाली. "त्या परत धुवायला टाकल्यात." मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "दात कसा आहे आता?"

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती टेबलाला वळसा घालून नवीच्या समोर येऊन उभी राहिली आणि तिने दुसरी चादर पसरली. शेवटच्या घडीपाशी ती थांबली.

"इथे करंगळी वाकवायची नाही," ती म्हणाली. "बघ नीट."

नवीने आपली धडधाकट करंगळी ताठ धरली.