पोटरीवरचा डाग

आहुप्यात भाताची आवणी चालली होती. गुडघ्याच्या वर साडी खोचून, डोक्यापाठीवर इरलं घेऊन रत्ना चिखलात वाकली होती. धुकं बघायला आलेल्या कुणा पावण्यानं रस्त्यावरूनच झूम करून तिचा मागून फोटो काढला. आठवड्याभरात तो गावभर फिरून तिच्या जावेच्या मोबाइलवर आला, खाली नको नको ते लिहिलेलं. तोंड इरल्यात झाकलेलं, त्यामुळं बाई कोण ते कुणाला कळलं नाही. रत्नाला मात्र कळलं.

नवऱ्याला न सांगता, जावेला घेऊन ती एसटीनं तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेली.

"घरात शिरून तर काढला न्हाई ना?" हवालदार म्हणाला. "रस्त्याकडंच्या शेतातला फोटो, त्याला कुठलं कलम लावू? अन् ह्यात तोंड कुठंय? ही तुमीच कशावरून?"

"पोटरीवर भाजल्याचा डाग हाय ना, साहेब. त्यो माझाच."

हवालदारानं खिशातून स्वतःचा मोबाइल काढला.



"मग साडी तेवढीच वर खोचा अन् तशाच वाका. ताडून बघायला फोटो लागंल."