लेस्टरचा फोन

काचेपलीकडून फोन जोडणाऱ्या वांडानं दोन बोटं दाखवली आणि डोळा मारला. दोन नंबरच्या लाइनवर लेस्टर होता.

रे कोस्टेलनिकनं कानावरचे हेडफोन नीट केले. "लेस्टर, मेला नाहीस वाटतं अजून?"

"मी मेलो तर तुझी बडबड ऐकणार कोण?"

वांडा हसली. तिनं घरून आणलेल्या पिरोगींचा, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचा, डबा टेबलावर उघडाच होता. आज 'अँव्हिल' रेडिओ केंद्राचा शेवटचा दिवस. सोमवारपासून त्याच लहरीवर प्रवचनं लागणार होती.

हे केंद्र पूर्वी धान्याचे भाव सांगायचं आणि पोल्का नाचाची गाणी वाजवायचं. चाळीस वर्षांपूर्वी, डिसेंबरातल्या एका दुपारी, ते कायमचं बदललं. त्या वर्षी लोरेन शहरातल्या पोलाद कारखान्यानं हजारो माणसं घरी बसवली होती. शहराकडे उरला होता फक्त आपला अमेरिकन फुटबॉलचा संघ, आणि तो अंतिम सामन्यात पोचला होता. शेवटचे चार सेकंद. एकानं चेंडू जमिनीवर उभा धरला, एमिल बोडनार धावत आला, त्यानं किक मारली. दोन खांबांमधून जायचा तो चेंडू बाहेरून गेला, आणि सामना हातचा गेला.

संध्याकाळपर्यंत केंद्राचे फोन खणखणायला लागले. चोवीस वर्षांचा रे तेव्हा नुसता रेकॉर्डी बदलायचा. मालकानं त्याला माइकसमोर बसवलं. "बोलू दे लोकांना," म्हणाला. लोक तीन दिवस बोलले. सगळ्यांत जास्त बोलला रे. 'लंगडा एमिल' हे नाव त्यानंच पाडलं. धान्याचे भाव परत लागलेच नाहीत. एमिलच्या दारावर कुणीतरी अंडी फेकली, आणि वसंत यायच्या आत तो शहर सोडून गेला.

तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला लेस्टर फोन करायचा. एवढ्या शहरात एमिलची बाजू घेणारा तो एकटाच.

"एकट्या माणसामुळं कुणी सामना हरत नसतं," आजही तो तेच म्हणाला.

एरवी रे त्याला फाडून खायचा. आज त्यानं पेन खाली ठेवलं.

"लेस्टर, गेल्या वर्षी तू म्हणालास, चेंडू ठेवला तिथं बर्फाचा टणक गोळा होता. ते पहिल्या रांगेतूनही दिसलं नसतं."

रे माइककडे झुकला.

"मला कळलंय तू कोण आहेस," रे म्हणाला. "वर्षभर मनात घोळतंय. इकडे ये. जे काय आहे ते समोरासमोर होऊ दे."

"सगळ्यांच्या देखत?"

"सगळ्यांच्या देखतच."

लेस्टर फोन हातानं झाकून कुणाशी तरी पुटपुटला. मग म्हणाला, "वीस मिनिटं लागतील."

बरोबर वीस मिनिटांनी एक उंच, वाकलेला म्हातारा आत आला. उजवा पाय किंचित ओढत होता. वांडानं त्याला खुर्ची दिली, समोर माइक सरकवला. रे उठून उभा राहिला.

"लोरेनकरांनो, ऐका. कारखान्यानं माणसं घरी बसवली, त्याचा राग आपण एका पोरावर काढला. मी सगळ्यांत जास्त काढला. माझं पोट त्यावर भरलं. एमिल, मला माफ कर."

म्हातारा काही बोलायला गेला, तोवर सगळ्या लाइनींचे दिवे लागले होते. वांडा एकेक फोन जोडत गेली. एका बाईनं सांगितलं, अंडी तिच्या नवऱ्यानं फेकली होती, आणि मरेपर्यंत ते त्याच्या मनाला लागून होतं. एक जुना वेल्डर नुसताच हुंदके देत राहिला. शेवटी म्हणाला, "एमिल, घरी ये रे बाबा." अर्धा तास हेच चाललं. म्हातारा मान खाली घालून ऐकत होता. डोळ्यांतलं पाणी त्यानं पुसलंही नाही.

फोन थांबल्यावर त्यानं माइक जवळ ओढला.

"रे, तुझी गल्लत झालीय. मी पॉल होर्वाट. मी फक्त चेंडू धरला होता."

वांडाचा हात बटणावरच थबकला.

"बोटं गारठलेली. एमिलचा पाय पोचायच्या आत चेंडू हातातून सटकला. त्याला तेव्हाच कळलं. मी सांगायला निघालो, तर त्यानं माझी कॉलर धरली. म्हणाला, 'गप्प बस. तुला दोन लेकरं आहेत, तुला इथंच राहायचंय. मी सडाफटिंग, कुठंही जाईन.' आणि मी गप्प बसलो. वर्षातून एकदा फोन करण्याइतकीच हिंमत होती माझ्यात."

रेनं विचारलं, "हयात आहे का तो?"

पॉलनं खिडकीकडे बोट दाखवलं.

"बाहेर गाडीत बसलाय, रेडिओ लावून. सगळं ऐकलंय त्यानं."